टॉर्च लावून बघ, मग ठरवू

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. टीव्हीचा आवाज येतोय पण पडदा काळा, नऊ वर्षं झाली त्याला, शनिवारी नवाच घेऊन येतो, असं तू म्हणालास आणि मीही "बरं" म्हणून मोकळी झाले. नंतर मात्र ते मनातून जाईना. बिघडलंय काय, हे तू सांगितलंच नाहीस, कारण तुलाच ते अजून माहीत नाही. ते कळल्याशिवाय हाच दुरुस्त करायचा की नवा आणायचा, हे ठरवणार कसं? म्हणून शनिवारच्या आत हे पत्र.

आज रात्री एवढं कर. खोलीतले दिवे मालव, टीव्ही चालू कर, हलती चित्रं असलेलं काहीतरी लाव आणि मोबाइलची टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरकी धर. सावकाश फिरव. त्या उजेडात माणसांच्या पुसट आकृत्या हलताना दिसल्या, तर टीव्ही मेलेला नाही. चित्र तयार होतंय, ते दिसण्यासाठी लागणारा मागचा उजेड तेवढा गेलाय.

आपण एलईडी टीव्ही म्हणतो, पण चित्र काढतो तो एलसीडीचा पडदा आणि त्याला स्वतःचा उजेड नसतो. खिडकीच्या काचेवर रंगवलेलं चित्र बाहेर ऊन असेल तरच खुलून दिसतं, तसं. एलईडी असतात पडद्यामागच्या पट्ट्यांवर, माळेसारखे एकापुढे एक जोडलेले. माळेतला एखादा दिवा जळून जोड तुटला की पुढच्या दिव्यांनाही करंट मिळत नाही. दिवे चालवणाऱ्या सर्किटला हे कळतं आणि बऱ्याच टीव्हींत ते सगळाच उजेड बंद करून टाकतं. चालू केल्यावर क्षणभर चित्र चमकून जातं का, तेही बघ. जात असेल तर दुखणं हेच, असं मी जवळजवळ खात्रीनं म्हणेन. (ओएलईडी टीव्हीला ही परीक्षा लागू पडत नाही, त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. तुझा तो नाही.)

मला हे कळतं कारण आपल्या हॉलमधल्या टीव्हीचं हेच झालं होतं आणि दुरुस्ती होईपर्यंत मी शेजारी बसून होते. जमिनीवर जाड चादर अंथरून टीव्ही पालथा घातला होता. मागचं झाकण सहज निघालं. पण दिवे दिसायला पडदाच बाजूला काढावा लागतो, आणि ती काच इतकी पातळ की दोघांनी दोन बाजूंनी धरून श्वास रोखून उचलली. तिच्या कडेला फितीसारख्या मऊ पट्ट्या लोंबत होत्या, त्यांना झटका बसला की पडदा गेला. काचेखाली दुधी रंगाचे तीन-चार तक्ते निघाले, त्यांच्याखाली पांढऱ्या शुभ्र कागदाला भोकं पाडून बसवलेले दिवे, प्रत्येकावर शर्टाच्या बटणाएवढं प्लास्टिकचं भिंग. एका भिंगाखालच्या पिवळ्या ठिपक्यात सुईच्या टोकाएवढा काळा डाग होता. तेवढाच बिघाड! त्या एका डागापायी आम्ही पंधरा दिवस काळा पडदा बघत होतो.

तिथे मी एक आग्रह धरला, तोच तूही धर. एक दिवा बदलून भागतं, पण सगळे दिवे तेवढेच तास जळलेले असतात. आज एक गेला, सहा महिन्यांनी दुसरा जाणार, आणि पुन्हा ती काच उचलण्याची जोखीम. सगळ्या पट्ट्या नव्या टाकून घे. आणि टीव्ही परत आल्यावर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट, म्हणजे तोच मागचा उजेड, शंभरावरून साठाच्या आसपास आण. ब्राइटनेस कमी करून भागत नाही, पुष्कळ टीव्हींत त्यानं चित्रातला काळा रंग तेवढा गडद-फिका होतो, दिव्यांवरचा भार तसाच राहतो. दिव्यांना मारते ती उष्णता. बॅकलाइट उतरवलेला आपला टीव्ही त्यानंतर चार वर्षं चालतोय.

टॉर्चनं काहीच दिसलं नाही आणि स्टँडबायचा लाल दिवाही लागत नसेल, तर बहुधा पॉवर सप्लायचं कार्ड गेलंय. त्यावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, फुगतात, वरची सपाट टोपी पोळीसारखी टम्म होते. ही दुरुस्ती सगळ्यात सोपी, तिच्यासाठी टीव्ही टाकून देणं मला पटणार नाही. फक्त झाकण तू स्वतः उघडू नकोस. प्लग काढल्यावरही त्या कार्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब काही वेळ राहू शकतो. लहानपणी तू रेडिओ उघडून बसायचास, मला आठवतंय, म्हणून मुद्दाम बजावते.

नुसत्या लोगोवर अडकत असेल, पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होत असेल, तर मेन बोर्ड, म्हणजे टीव्हीचं मुख्य कार्ड, बघायला सांग. ते कार्ड बदलावं लागलं तर त्यावरचा नंबर आणि पडद्याचा नंबर जुळवूनच घ्यावं, नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही.

आता ज्यासाठी मी नवा घ्यायलाच सांगेन ते. पडदा. तडा गेला असेल किंवा उभ्या रेघा येत असतील तर पैसे घालू नकोस. याआधीच्या टीव्हीत मी नेमकं हेच केलं. उजव्या बाजूला एक हिरवी रेघ आली होती, मग दुसरी. दुरुस्तीवाल्यानं कडेला बोटानं दाबलं, रेघा गेल्या, आणि आतून काहीतरी आधार लावून दिला. मी पैसे दिले आणि समाधानानं परतले. पाच आठवड्यांत रेघा परत, या वेळी आठ-दहा. त्या मऊ पट्ट्या काचेला उष्णतेनं चिकटवलेल्या असतात, जोड सुटायला लागला की दाबून तो कायमचा बसत नाही. नवा पडदा घालायचा तर जवळपास नव्या टीव्हीचीच किंमत. तो टीव्ही मी दाबादाबी न करता तेव्हाच सोडायला हवा होता, हे अजूनही मला लागून राहिलंय.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त झाला की नवा घ्यावा, असं लोक सांगतात. ठोकताळा म्हणून ठीक आहे, पण नऊ वर्षांच्या टीव्हीला निम्मा मला फार वाटतो. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जा, त्यापुढे नको. या वयात सुटे भाग मिळण्याचीही पंचाईत असते. युरोपीय संघानं 2021 पासून कंपन्यांना ठरावीक भाग मॉडेलची विक्री संपल्यावरही किमान 7 वर्षं पुरवायचं बंधन घातलंय, पण तसा कायदा सगळीकडे नाही. म्हणून आधी विचार, की पट्ट्या याच मॉडेलच्या मिळतायत की कुठल्या तरी कापून बसवणार? आणि उघडण्यापूर्वी खर्च लिहून घे, काढलेला जुना भाग परत माग, कामाची हमी किती महिने ते बिलावर येऊ दे. जो माणूस टीव्ही न बघताच "पॅनल गेलंय", म्हणजे पडदाच गेलाय, म्हणतो, त्याच्याकडून उठून ये.

तू आणखी एक कारण दिलं होतंस, की त्याच्यावर आताची ॲप चालत नाहीत. हा बिघाड नव्हे रे. टीव्हीतला कॉम्प्युटर पडद्याच्या कितीतरी आधी म्हातारा होतो. कंपनी अपडेट थांबवते, ॲपवाले जुन्या सिस्टीमला सोडून देतात, पडदा मात्र ठणठणीत असतो. एचडीएमआयच्या खोबणीत ॲप चालवणारी एक छोटी स्ट्रीमिंग स्टिक लाव, झालं काम. पुढे पडदा गेलाच तर तीच स्टिक नव्याला चालेल.

आणि ते फोर-के. तुझा टीव्ही फुल एचडी, म्हणजे 1920 गुणिले 1080 ठिपके. फोर-केमध्ये 3840 गुणिले 2160, बरोबर चौपट. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण चाळीस इंची पडद्यावर तुझा आत्ताचा एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान आहे. चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण 1.6 मीटरच्या पलीकडून दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. तुझा सोफा त्याहून लांब आहे, मी बसलेय त्यावर. पडदा मोठा हवा असेल तर गोष्ट वेगळी. छोटीला घेऊन सगळे एकत्र सिनेमा बघता, मोठा पडदा हवासा वाटणं अगदी रास्त आहे. पण मग "मोठा हवाय" म्हणून घे, आणि हा दुरुस्त करून कुणाला तरी वापरायला दे. बिघडलाय म्हणून घेतोय असं स्वतःला सांगू नकोस.

मला एवढं लागतं कशाला, असं तुला वाटेल. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो त्यातला 22.3 टक्के. बाकीचा कुठे जाळला, कुठे पुरला, कुणाच्या लहान मुलांनी हातानं फोडला, देव जाणे. सुईच्या टोकाएवढ्या डागासाठी आपला टीव्ही त्या ढिगात गेलेला मला बघवणार नाही. आणि पडदाच गेला असेल तर तोही भंगारवाल्याला देऊ नकोस, ई-कचरा रीतसर घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दे.

शनिवारला अजून तीन दिवस आहेत. रात्री टॉर्चनं काय दिसलं ते झोपण्यापूर्वी कळव, मी जागी असेन. आणि टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठव, मॉडेल नंबर नीट वाचता येईल असा.

तुझी,
आई