मावशींना बदलू नका

लीड्स, २४ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल दादाचा फोन आला. आजीने तिला सांभाळणाऱ्या मावशींच्या हाताला चावा घेतला आणि आता तिला डिमेन्शियासाठी (स्मृतिभ्रंशासाठी) ठेवलंय त्या सेंटरला सांगून मावशी बदलून घ्यायच्या, असं तुमचं चाललंय म्हणे. आई, हात जोडून सांगते, मावशींना बदलू नका.

दिवाळीत आले होते तेव्हा तीन दिवस मी सकाळी तिथे जाऊन बसले. सहा ते साडेआठमध्ये एकट्या मावशींनी आठ जणींच्या आंघोळी उरकायच्या, त्यात दोघी अंथरुणाला खिळलेल्या. घाईत डोक्यावर तांब्या ओतला की आजी घाबरते. पाणी कुठून आलं कळत नाही, समोरची बाई कोण ते आठवत नाही, मग तिचा हात चालतो. इथे मी हेच काम करते, तर आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात की आधी पायांवर पाणी घालायचं, पुढे काय करणार ते सांगत राहायचं, आणि नाही म्हणाली तर अर्ध्या तासाने परत विचारायचं. तो अर्धा तास मावशींनी कुठून आणायचा? मला पेशंट उचलायला यंत्र आहे, जोडीला दुसरी बाई आहे. तरी माझ्या हातांवर ओरखडे आहेत, व्हिडिओ कॉलवर तुला दाखवले नाहीत एवढंच.

मावशींना यातलं कुणी काही शिकवलेलं नाही. ब्युरोने पाठवलं आणि त्या कामाला लागल्या. तरी दिवेलागणीला त्या काय करतात ते तू पाहिलंयस का? आजीचं सुरू होतं, "मला वाड्यावर सोडा, हे यायची वेळ झाली." आपण सांगतो की आजोबांना जाऊन बावीस वर्षं झाली, आणि ती आत्ताच कळल्यासारखी रडते. मावशी म्हणाल्या, "जाऊ की आजी. एवढ्या वाती करून जाऊ." आजीने कापूस बोटांनी गोल पसरला, मधोमध चिमटीत धरला, दुधाचं बोट लावून टोक वळलं. तिला माझं नाव आठवत नाही, पण फुलवात एकही बिघडली नाही. चौदा झाल्या तोवर वाड्याचा विषय मागे पडला होता.

जगात साडेपाच कोटींहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे, आणि त्यातले ६० टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. आपल्याकडे साठीच्या पुढचे ८८ लाख, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. घरच्यांचे हात टेकले की यांना सांभाळायला येतात त्या अशाच मावशी, बारा-बारा तासांच्या ड्युटीवर.

चावा का घेतला ते आधी शोधा. लघवी तपासून घ्या. या वयात युरिन इन्फेक्शन झालं की कधी ताप न येताही माणूस एकाएकी चिडतो, भ्रमिष्टासारखं करतो. पोट साफ होतंय का, कवळी टोचतेय का, तेही बघा. शांत राहण्याची गोळी द्या असं आपणहून सुचवू नका. डिमेन्शियात त्या गोळ्यांनी पडण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मावशींना द्या: आजी तीस वर्षं शाळेत शिकवायची, तिला "बाई" म्हटलं की ती ऐकते, चहा बशीतच हवा, डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून उजवीकडून बोलायचं. हे आपण त्यांना कधी सांगितलंच नाही गं. डावीकडून कुणी अचानक हात लावला तर मीसुद्धा दचकेन.

सकाळच्या वेळी दुसरी बाई द्या, असं बाबांनी सेंटरमध्ये ठामपणे सांगायला हवं. त्यासाठी फी वाढली तर वरचे पैसे मी पाठवीन, फक्त ते त्या बाईच्या हातात पडतात का याची खात्री करून घ्या. तुळशीबागेत गेलीस तर कापूस घे, मागचा संपत आला होता.

आणि मावशींचा हात डॉक्टरांना दाखवला का? माणसाचा चावा चिघळतो. दादाने सांगितलं नाही आणि मलाही फोन ठेवल्यावर सुचलं. आज संध्याकाळी जाशील तेव्हा आधी ते बघ.

तुझी,
धाकटी