पर्यावरण अहवाल मराठीत आणि वेळेवर हवेत

महोदय,

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला सादर केलेला अहवाल जनतेसमोर आला तो मे २०१२ मध्ये, आणि तोही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशाविरुद्ध मंत्रालयाने दिल्ली उच्च न्यायालयात केलेली याचिका फेटाळली गेल्यानंतर. ज्यांच्या जमिनी, पाणी आणि जंगले यांविषयी तो होता, त्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील ग्रामस्थांपासून तो इतके महिने दडवून ठेवणे हा माझ्या मते अन्यायच होता.

आजही प्रकल्पांच्या जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना मिळते खरी, पण प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा शेकडो पानांचा मूळ अहवाल सहसा इंग्रजीत असतो आणि मराठीत मिळतो तो केवळ सारांश. भूजल, सांडपाणी, धूर यांचे मोजमाप असलेले तक्ते वाचताच येत नसतील, तर शेतकऱ्याने वा मच्छीमाराने हरकत कशाच्या आधारे घ्यायची? माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार माहिती स्वतःहून आणि स्थानिक भाषेचा विचार करून प्रसारित करणे अपेक्षित आहे. म्हणून राज्य शासनाने संपूर्ण अहवाल मराठीत संकेतस्थळावर द्यावा, त्याची छापील प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी आणि तोवर सुनावणीची तारीख जाहीर करू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक, रत्नागिरी