उपवासकाळ म्हणजे शोककाळ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळावर, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या ४० दिवसांवर, एक चौकट आली होती, छापलीत त्याबद्दल थँक्यू, एरवी आमची आठवण नाताळच्या केकपुरतीच निघते. पण त्यात म्हटलंय की ख्रिस्ती बांधव ४० दिवस कडक उपवास करून शोक पाळतात, ते काही बरोबर नाही. एकतर कॅथलिकांना सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, बाकी शुक्रवारी मटण बंद (मासळी चालते त्यामुळे आम्हा वसईकरांचं तसं काही अडत नाही), आणि रविवार तर त्या ४० दिवसांत धरतच नाहीत. हे एक वेळ राहू द्या. माझी खरी तक्रार त्या 'शोक' शब्दावर आहे.

राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावताना म्हणतात, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी ना? मग चांगली बातमी ऐकून कोण रडत बसतं? मला वाटतं आपल्या मराठी शब्दानेच थोडा घोळ केलाय, पश्चात्ताप म्हटलं की ताप आलाच, पण बायबलातला मूळ ग्रीक शब्द मेटानोया, म्हणजे मन पालटणं, चुकीच्या रस्त्याने चाललेला माणूस मागे फिरतो ना तसं.

बायबलात लूकच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दाखला आहे, तो बऱ्याच जणांना माहीत असेल, पण त्यातली एक बारीक गोष्ट बघा. बापाकडून वाटा घेऊन तो उधळून बसलेला आणि डुकरं राखायची पाळी आलेला तो पोरगा वाटेला लागण्याआधीच मनात भाषण तयार करतो, बाबा मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला गड्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर पहिली दोन वाक्यं होतात आणि गडी होण्याचं तिसरं तोंडातून निघतच नाही, कारण बापाने लांबूनच बघून धाव घेतलेली असते, मिठी मारून झालेली असते आणि झगा आणा, अंगठी आणा असं चालू झालेलं असतं. घरचा कर्ता म्हातारा असा धावत सुटतो का कधी? म्हणजे माफी आधी निघाली, भाषण मागून पोचलं. आम्ही कृपा म्हणतो ती हीच, ती विकत मिळत नाही आणि रडून मिळवावीही लागत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. वाडीच्या बांधावरून माझं धाकट्या भावाशी ११ वर्षं बोलणं नव्हतं आणि खरं सांगायचं तर बांध मीच सरकवलेला, हातभरच, पण सरकवलेला, आणि वर दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पहिल्या बाकावर. एका उपवासकाळात कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली देताना, हे बोललो तर फादर म्हणाले, पापाची क्षमा देव करतोच, पण घरी जाऊन बांध मागे घे. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या अंगणात गेलो, वाटेत चार वेळा वाक्य घोकलं होतं, आणि 'बाळू, तो बांध' एवढंच म्हणालो तर तो वहिनीला म्हणतो, अगं दादा आलाय, चहा टाक. बस्स. पुढचं मला बोलताच आलं नाही. घरी परत येताना इतकं हलकं वाटत होतं की एकटाच हसत होतो, शेजारणीने विचारलं लॉटरी लागली का. पुतण्या मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही, त्याचं बरोबरच आहे, बांध मागे घेतला म्हणून त्याची ११ वर्षं थोडीच परत आली.

पंडिता रमाबाई आमच्या पंथातल्या नव्हत्या, पण त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ साली झाला आणि पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो सापडायला अजून काही वर्षं गेली. एवढ्या विदुषीची ही गत, मग पहिल्या बाकावरच्या माझ्यासारख्याचं काय घेऊन बसलात.

तर एक विनंती. उपवासकाळाचा चौथा रविवार हा आनंदाचा रविवार म्हणून पाळतात, फादरांचा उपवासकाळातला जांभळा झगा बाजूला ठेवून त्या दिवशी गुलाबी झगा घालायची परवानगी असते, आमच्या चर्चमध्ये फादर घालतात. पुढच्या वर्षी फोटोग्राफर पाठवाच, चहा माझ्या भावाकडे.

आपला,
एक जुना वाचक, वसई