तो थांबला, की आपली मोजणी थांबली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला न सापडलेल्या सीरियल किलर्सवरचा लेख एका बैठकीत वाचून काढला, मस्तच जमलाय, पण शेवटचं वाक्य काही पटलं नाही. अशी माणसं स्वतःहून थांबत नाहीत, खून बंद झाले म्हणजे एक तर तो मेला नाहीतर दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात आत गेला, असं लेखक ठोकून देतात. मी पोलिसातला नाही की मानसशास्त्रवाला नाही, सगळी नोकरी एका ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये फायली लावण्यात गेली. पण तिथे एक पक्कं कळलं, फाईलीतला शेवटचा कागद १९८५ चा आहे म्हणजे भांडण १९८५ ला मिटलं असं नसतं, बरेचदा पुढचे कागद दुसऱ्याच टेबलावर दुसऱ्याच नावाच्या फाईलीत पडलेले असतात.

अमेरिकेतल्या विचिटा शहरातला बीटीके (बांधा, छळा, मारा ह्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) घ्या, म्हणजे डेनिस रेडर. १९७४ ला एकाच घरातले चार जण मारले, १९७७ पर्यंत आकडा सात, मग वर्ष-दीड वर्ष पत्रं पाठवत राहिला आणि त्यानंतर एकदम शांत. लोक म्हणाले मेला असेल, गाव सोडून गेला असेल. प्रत्यक्षात तो तिथेच होता आणि १९८५, १९८६, १९९१ असे अजून तीन खून त्याने केले, फक्त ते बीटीकेच्या खात्यावर कुणी लिहिलेच नाहीत. १९८६ च्या खुनात तर पोलिसांचा संशय त्या बाईच्या नवऱ्यावर होता आणि तो बिचारा अठरा वर्षं ते ओझं घेऊन जगला. म्हणजे आपण ज्याला थांबणं म्हणत होतो ते निम्मं आपल्या वहीतलं थांबणं होतं.

१९९१ नंतर मात्र तो खरंच थांबला, पुढे पकडला जाईपर्यंत एकही खून नाही. का? साधू झाला का? तर नाही. बायको-पोरं, चर्चच्या समितीचं अध्यक्षपद, आणि नोकरी कसली तर लोकांच्या अंगणातलं गवत नियमापेक्षा वाढलं का ते टेप लावून मोजायचं आणि नोटिसा फाडायच्या. दुसऱ्यावर हुकमत गाजवायची ती खाज बहुतेक तिथेच भागत असावी (हा माझा अंदाज). घरात मेलेल्या बायकांच्या वस्तू जपून ठेवलेल्या, स्वतःलाच बांधून घेऊन फोटो काढायचा, ते उगाळत वर्षं काढली. २००४ ला तिथल्या पेपरात ‘तीस वर्षं झाली’ म्हणून लेख आला आणि हा परत जागा झाला, पत्रावर पत्रं. संपादक साहेब, हे तुमच्या धंद्यातलं आहे म्हणून जरा लांबवतो. त्याने पोलिसांना विचारलं की फ्लॉपी पाठवली तर माग लागेल का, खरं सांगा, आणि उत्तर पेपरात छोटी जाहिरात देऊन कळवा. पोलिसांनी जाहिरात दिली, ‘रेक्स, चालेल’ अशा अर्थाची (रेक्स हे खुणेचं नाव). त्याने विश्वास ठेवून फ्लॉपी पाठवली, तिच्यात डिलीट केलेल्या फाईलवर चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ असं दोन्ही निघालं, फेब्रुवारी २००५ ला आत. आणि पकडल्यावर म्हणतो पुढचं सावज हेरून ठेवलं होतं. आता ह्याला थांबला म्हणायचं का पॉज घेतला म्हणायचं?

उलटं उदाहरण लॉस एंजेलिसच्या एका खुन्याचं. १९८८ ते २००२ खून नाहीत म्हणून पेपरवाल्यांनी त्याला ‘झोपाळू’ अर्थाचं नावच देऊन टाकलं, २०१० ला माणूस सापडला तर घरात अनोळखी बायकांच्या फोटोंचा ढीग, आणि पोलिसांनाच शंका आली की हा झोपला होता कुठे. गरीब वस्तीतल्या बायका, कोण हरवली ह्याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता. आपल्याकडे १९८९ ला कलकत्त्यात स्टोनमॅनचंही तेच, फुटपाथवर झोपलेल्यांची डोकी दगडाने ठेचायचा, तेरा बळी, मग बंद. मेलेल्यांतल्या कितीकांची नावंच कळली नाहीत. तो एकच माणूस होता का तेही ठरलं नाही, मग तो का थांबला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

संसारामुळे माणूस बदलतो असं वाचायला बरं वाटतं. कॅलिफोर्नियातला सीरियल किलर डीअँजेलो, त्याला १९८१ ला पहिली मुलगी झाली आणि त्यानंतर पाच वर्षं काही नाही, पण मग १९८६ ला परत एक खून आहेच. त्यापुढे खरंच काही नाही, २०१८ ला बहात्तराव्या वर्षी पकडला. वय, थकवा, पकडलं जाण्याची भीती, सगळंच असणार. फ्रान्समध्ये असाच एक खुनी पोलिसवाला निघाला, २०२१ ला डीएनएसाठी बोलावणं आलं तसा त्याने जीव दिला आणि चिठ्ठीत लिहिलं की १९९७ नंतर मी काही केलं नाही. खरं असेल, खोटं असेल, पण चिठ्ठीत चांगलंच लिहिणार ना माणूस. एफबीआयने तर २००५ ला जगभरचे तज्ज्ञ जमवून ‘हे थांबूच शकत नाहीत’ हा गैरसमज म्हणूनच नोंदवलाय.

मेला असणार ह्या तर्काने काय होतं ते लंडनच्या १८८८ च्या जॅक द रिपर प्रकरणात दिसतं. ऑगस्ट अखेर ते नोव्हेंबर पाच बायका मारल्या, मग सामसूम, आणि डिसेंबरात एका वकिलाचं प्रेत थेम्स नदीत सापडलं. झालं, आजतागायत त्याचं नाव संशयितांत. पुरावा काय तर वेळेवर मेला!

जाता जाता एक चूक. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँगच्या खुनांवरच्या चौकटीत ‘खुनी २०१९ ला पकडला’ असं छापलंय. तो १९९४ लाच मेहुणीच्या खुनात आत गेला होता, पुढे जन्मठेप झाली, २०१९ ला फक्त डीएनए जुळला. म्हणजे तुमच्या लेखकाचं ‘आत गेला’ इथे बरोबर होतं आणि नेमकी तीच चौकट चुकली. शिवाय त्यातल्या एका खुनासाठी दुसराच माणूस वीस वर्षं तुरुंगात काढून आला, २०२० ला निर्दोष ठरला, त्याची एक ओळसुद्धा नाही. तेवढी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक