ड्रॉपर सीटपोस्ट घेण्याआधी फ्रेम मोजावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत माउंटन बाइकच्या सुट्या भागांविषयी आलेला लेख आवडला. मात्र ड्रॉपर सीटपोस्टचा, म्हणजे सायकल चालवतानाच सीट खाली-वर करू देणाऱ्या दांड्याचा, विषय त्यात ‘जितका ट्रॅव्हल (सीट खाली-वर होण्याचे अंतर) जास्त तितका पोस्ट चांगला’ अशा एका वाक्यात उरकला आहे, आणि तेवढ्यावर विसंबून कोणी खरेदीला निघाले तर पस्तावण्याचीच शक्यता अधिक, म्हणून हा पत्रप्रपंच.

चढावर पाय पुरते ताणता यावेत यासाठी सीट उंच लागते आणि तीव्र उतारावर अंग खाली व मागे नेता यावे यासाठी ती वाटेतून दूर व्हावी लागते. हँडलवरचा खटका दाबून सीटवर भार दिला की पोस्ट खाली जातो आणि भार काढून पुन्हा दाबला की आतल्या हवेच्या किंवा स्प्रिंगच्या जोराने वर येतो, एवढेच त्याचे काम. (हे केवळ डोंगरातल्या हौशी लोकांचे खेळणे नव्हे, 2022 सालची मिलान–सान रेमो ही रस्त्यावरची शर्यत मातेय मोहोरिचने जिंकली, तेव्हा त्याच्या सायकलला ड्रॉपर होता.) मात्र हे काम नीट व्हायचे तर पोस्ट आपल्या फ्रेममध्ये आणि आपल्या उंचीला बसला पाहिजे, आणि ट्रॅव्हलचा आकडा या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.

पहिले माप व्यासाचे. 27.2, 30.9, 31.6 आणि 34.9 मिलिमीटर ही नेहमी आढळणारी मापे असून जुन्या सीटपोस्टच्या खालच्या भागावर आकडा बहुधा कोरलेला असतो. 30.9 आणि 31.6 हे दोन पोस्ट शेजारी ठेवले तरी डोळ्यांना फरक कळत नाही, त्यामुळे अंदाजाने मागवू नये. बारीक पोस्ट शिम (मधली फट भरणारी पातळ नळी) घालून फ्रेमच्या जाड नळीत बसवता येतो. जाड पोस्ट बारीक नळीत जाणार नाही, हे उघडच आहे.

दुसरे माप उंचीचे, आणि गफलत होते ती इथेच. पेडल मारताना सीट ज्या उंचीवर ठेवता त्या उंचीवर ती असताना सीट क्लॅम्पच्या (फ्रेमच्या तोंडाशी पोस्ट आवळणाऱ्या कड्याच्या) वरच्या कडेपासून सीटखालच्या रेल्सच्या (दोन सळ्यांच्या) मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते 200 मिलिमीटर भरले. पोस्टची कॉलर (बाहेरच्या नळीच्या तोंडावरचे जाड कडे) आणि वरचे डोके मिळून 50 मिलिमीटर खात असतील, तर 150 मिलिमीटर ट्रॅव्हलचा पोस्ट कॉलरपर्यंत फ्रेममध्ये घातल्यावर नेमका बसेल. त्याच घडणीचा 170 चा पोस्ट घेतला तर पूर्ण वर आलेली सीट 20 मिलिमीटर जास्त उंच राहील आणि पाय पेडलपर्यंत नीट पोचणार नाहीत. काही पोस्टमध्ये ट्रॅव्हल थोडा कमी करून घेण्याची सोय असते, पण ती आहे की नाही हे आधी पाहावे.

तिसरे माप खोलीचे. सीट ट्यूब (फ्रेमची पोस्ट बसतो ती नळी) कुठे वाकलेली असते, कुठे बाटलीच्या स्टँडचे बोल्ट आत डोकावतात. क्लॅम्प सैल करून जुना पोस्ट हळूहळू खाली सोडावा. तो मध्येच अडला तर जेवढा आत गेला तेवढीच जागा आपल्याला आहे असे समजावे, आणि त्या जागेत नव्या पोस्टची कॉलरखालची लांबी, तळाशी केबल ओढणाऱ्या यंत्रणेसकट, मावली पाहिजे. केबल फ्रेमच्या आतून न्यायची असेल तर तिच्यासाठी भोक आहे का, हेही त्याच वेळी तपासावे.

देखभालीचे म्हणाल तर माझ्या अनुभवात पोस्टपेक्षा आपले हातच अधिक दोषी असतात. माझा नवा पोस्ट वर येताना रेंगाळत असे. आतले कार्ट्रिज (सीट वर ढकलणारा भाग) गेले असे ठरवून मी तो दोनदा दुरुस्तीला दिला आणि दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असे उत्तर ऐकले. शेवटी सहज म्हणून क्लॅम्पचा स्क्रू पाव फेरा सैल केला, तर सीट ‘ठक्’ करून वर आली! पोस्ट घसरू नये या काळजीपोटी मी क्लॅम्प इतका आवळला होता की बाहेरची नळी दबून आतला दांडा अडत होता. अनेक क्लॅम्पना 5 ते 6 न्यूटन-मीटर पुरतात. आपल्या फ्रेमसाठी दिलेला आकडा पाहून टॉर्क रेंचनेच आवळावे, आणि तरीही पोस्ट घसरला तर अधिक जोर न लावता फ्रेममधल्या भागाला कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा लेप) लावावी.

त्यानंतर संशय घ्यायचा तो केबलवर. केबल सोडवून तळाची यंत्रणा बोटाने दाबावी. सीट झटकन वर आली तर पोस्ट निरोगी असून केबलमध्ये चिखल, गंज किंवा दुमड आहे. बसल्यावर सीट आपोआप खचत असेल तर केबल फार ताणली जाऊन आतला व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही ना, हे पाहावे.

बाकी निगा साधी आहे. फेरीनंतर दांडा मऊ कापडाने पुसावा, कॉलरवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये आणि अधूनमधून कॉलर उघडून जुने ग्रीस काढून निर्मात्याने सांगितलेले नवे लावावे. सीट डावी-उजवीकडे किंचित हलणे स्वाभाविक आहे. ते वाढले तर आतल्या पितळी किल्ल्या (दांडा फिरू न देणारे छोटे तुकडे) झिजल्या असे समजून त्याच मापाच्या नव्या घालाव्यात. दुरुस्तीच्या स्टँडमध्ये सायकल गुळगुळीत दांड्यावर कधीही पकडू नये, कारण त्यावरचा एक ओरखडाही सील फाडू शकतो. सीट खाली असताना तिला धरून सायकल उचलण्याची सवयही सोडावी. काही हायड्रॉलिक पोस्टमध्ये त्यामुळे हवा तेलात शिरते आणि सीट स्पंजासारखी दबू लागते.

पुढच्या वेळी अशा लेखासोबत ट्रॅव्हलच्या आकड्याशेजारी व्यास, कॉलरपासून रेल्सपर्यंतची उंची आणि फ्रेममध्ये जाणारी लांबी हेही छापावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक