गवत कापायच्या यंत्राचं पोट

महोदय,
आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र पाचव्या पावसाळ्यात खालून चाळणी झालं. वरून मात्र चकचकीत! ओलं गवत पात्यावरच्या पत्र्याला आतून शेणासारखं थापलं जातं, ओल धरून ठेवतं आणि पत्रा खातं. नवं यंत्र मीच सांभाळतो. आधी स्पार्क प्लगची टोपी काढायची (बोटं प्यारी असतील तर), एअर फिल्टर वर राहील असं आडवं करायचं, लाकडी पट्टीनं खरवडून उन्हात वाळवायचं. मे महिन्यात गंज घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग), वर इनॅमल रंग. माळीबुवा जळकं ऑइल फासायचे. ते हिरवळीवर ठिबकतं. जवळच्या सार्वजनिक बागेतलं यंत्रही तसंच लगद्यासकट उभं असतं. खरवडायला दहा मिनिटं पुरतात हो!

– एक निवृत्त फिटर, कोथरूड, पुणे