चुंबकाला लागलेलं तांबं

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. आई, तुझी काळजी आधी मिटवतो. फोनवर आवाज बसलेला वाटला तो थंडीमुळे, आता बरा आहे. आणि मी दिवसभर ॲसिडात हात घालून बसतो हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? गेला महिनाभर नुसतं मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि लोखंडाचा कीस, तेही डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवून.

आता छोटीचा प्रश्न. छोटे, वजनं माहीत असताना मधे मोल कशाला, असं तू विचारलंस. मोल म्हणजे अणू-रेणूंची डोकी मोजायचं माप, डझनासारखं, फक्त खूप मोठं. मोरचुदाच्या द्रावणात लोखंड टाकलं की लोखंड विरघळतं आणि तांबं बाहेर पडतं. पण ही अदलाबदल अणूला अणू अशी होते, ग्रॅमला ग्रॅम नाही, आणि तांब्याचा अणू जास्त जड. म्हणून आधी डोकी मोजायची. एक मोल लोखंड 55.85 ग्रॅम भरतं, तेव्हा 2.00 ग्रॅम लोखंड भागिले 55.85, म्हणजे 0.0358 मोल. तेवढेच मोल तांब्याचे. त्याला एक मोल तांब्याच्या वजनाने, 63.55 ने गुण, 2.28 ग्रॅम येतील. समीकरणातले आकडे डोक्यांचे असतात, वजनांचे नाहीत, एवढं धरून ठेव.

हे सगळं येत असूनही मी माती खाल्ली. लोखंड 2.00 ग्रॅम, मोरचूद 8.00 ग्रॅम, आणि मोरचुदाचं रेणुवस्तुमान धरलं 159.6. ते निर्जल, म्हणजे पाणी उडवलेल्या पांढऱ्या पुडीचं! निळ्या स्फटिकात पाण्याचे 5 रेणू असतात, तेव्हा आकडा 249.7. माझ्या हिशेबात मोरचूद 0.0501 मोल, म्हणजे भरपूर, प्रत्यक्षात 0.0320, लोखंडाला अपुरं. पण गंमत बघ. गाळून, वाळवून वजन केलं तर 2.25 ग्रॅम! हवे होते 2.28. मी खूश. बाईंनी शांतपणे त्यावर चुंबक धरलं आणि माझं 'तांबं' टुणकन वर चिकटलं. हिशेबाने त्यात तांबं जेमतेम 2.04 आणि 0.21 ग्रॅम लोखंड जसंच्या तसं. द्रावणाचा निळा रंग पार जाऊन फिकट हिरवट झाला होता. मोरचूद उरलं असतं तर निळा राहिला असता. मला ते दिसलं होतं, पण वजन जुळल्यावर रंगाकडे कोण बघतो.

बाबा, इथली एक रीत मला अजून पचत नाही. प्रयोगाच्या वहीत खोडायचं नाही. खोडरबर नाही, पान फाडणं तर नाहीच. लिहायचं पेननेच. चुकलं तर त्या आकड्यावर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. मग शेजारी सही, तारीख आणि काय चुकलं ते. एकदा मी दोन रेघा मारल्या, तर त्या दुसऱ्या रेघेचं कारण विचारलं! तुम्ही आम्हाला चुकलं की अख्खं पान नव्याने लिहायला लावायचात, त्यामुळे मला फार चमत्कारिक वाटतं. आता वहीत 159.6 वर रेघ आहे, शेजारी माझी सही, आणि येणारा-जाणारा ते वाचतो.

मी पैसे पाठवले आहेत, या वेळी थोडे कमी आहेत. शिकवणीचे तास कमी केले, अभ्यासासाठी. पुढच्या महिन्यात भरून काढतो, हप्त्याची चिंता करू नका.

ताईची तारीख ठरली, फार बरं झालं. फोटो पाहिला, भावजी हसरे दिसतात. सुट्टी मिळत नाही असं मी म्हणालो, ते अर्धंच खरं. तो प्रयोग पुन्हा द्यायचा आहे आणि तो नेमका त्याच आठवड्यात आलाय. ताईला मीच सांगतो. तोवर तुम्ही काही बोलू नका.

तुमचा,
बाळू